बोगद्यातली पाच स्टेशनं

म्युनिकमध्ये आम्ही पाझिंगला राहतो आणि माझं ऑफिस ओस्टबानहोफच्या पलीकडे आहे. एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, हा प्रवास वीसेक मिनिटांचा. लाइम, हिर्शगार्टन, डोनर्सबर्गरब्रुके, हाकरब्रुकेपर्यंत गाडी उघड्यावरून जाते. मग ती जमिनीखाली शिरते आणि हाउप्टबानहोफ, कार्ल्सप्लाट्झ, मारियनप्लाट्झ, इझारटोर, रोझेनहाइमर प्लाट्झ अशी पाच स्टेशनं घेऊन ओस्टबानहोफला पुन्हा उजेडात येते. १९७२च्या ऑलिम्पिकच्या वेळी हा बोगदा सुरू झाला. शहराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या एस-बान याच एका बोगद्यातून धावतात, त्यामुळे त्याला टाळून जायचं म्हटलं तर फार रस्ते उरत नाहीत. मी मात्र दीड वर्ष तो टाळला.

मी मूळची डोंबिवलीची. कॉलेजची पाच वर्षं आणि नोकरीची चार, रोज सकाळी फास्ट लोकल. ओढणी सांभाळायची, सॅक पुढे घ्यायची, आणि मागून रेटा आला की आपोआप आत. कुणाचं कोपर बरगडीत आणि कुणाचा डबा पाठीला लागलेला असताना मी उभ्या उभ्या परीक्षेचा अभ्यास केलेला आहे. म्हणून जे झालं त्यावर सगळ्यात आधी माझाच विश्वास बसेना.

नोव्हेंबरातली सकाळ होती. मारियनप्लाट्झला दारं बंद झाली आणि गाडी काही क्षण हललीच नाही. एवढंच झालं. बिघाड नव्हता, धक्का नव्हता, डोंबिवलीच्या मानानं गर्दीही नव्हती. पण जीव एकदम घाबरा झाला. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोळ्यांपुढचं सगळं लांब गेल्यासारखं. आता मी मरणार किंवा सगळ्यांसमोर कोसळणार, याची पक्की खात्री. इझारटोरला उतरून बाकावर बसले आणि आईला फोन लावला. भारतात दुपार होत आली होती. आई म्हणाली, "अगं, खाल्लं नसशील सकाळी काही."

दुसऱ्या दिवशी हाकरब्रुके गेलं आणि पुढे बोगदा आहे या विचारानंच हातपाय गळाले. तिसऱ्या दिवसापासून मी १९ नंबरची ट्राम धरली. ती पाझिंगहून निघते, शहरातून रमतगमत जाते आणि दुपटीहून जास्त वेळ घेते. पण सगळीकडे खिडकीतून आकाश दिसतं, आणि दोन-तीन मिनिटांनी उतरता येतं. मला वाटलं, सुटला प्रश्न.

तो सुटला नव्हता, पसरत होता. दोन महिन्यांत ऑफिसची लिफ्ट गेली. मग सुपरमार्केटची रांग, कारण सामान पट्ट्यावर मांडल्यावर मधूनच निघून जाता येत नाही. मग थिएटर. मग एकटीनं कुठे जाणंच. नवरा शनिवारी बरोबर यायचा, कधी चकार शब्द बोलला नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्याची मला जास्त लाज वाटायची. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "डोंबिवलीची पोर तू, गाडीला घाबरतेस?" तिनं ते कौतुकानं, धीर द्यायला म्हटलं होतं. पण मी फोन ठेवून रडले.

फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. त्यांनी मला काय होतं ते विचारलं आणि मी अडले. 'जीव घाबरा होतो' याला जर्मन काय? शेवटी छातीवर मूठ ठेवून दाखवली. त्यांनी कागदावर एक शब्द लिहिला, आगोराफोबिया, आणि शेजारी आजाराचा कोड, एफ ४०.०१. म्हणजे जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागांची भीती, आणि तीही पॅनिकसकट, भीतीच्या अचानक येणाऱ्या झटक्यांसकट. त्यांनीच सांगितलं की हा शब्द जर्मनीतलाच. कार्ल वेस्टफाल नावाच्या बर्लिनच्या मनोविकारतज्ज्ञानं १८७१मध्ये तो वापरला, शहरातले मोठे चौक ओलांडताना भीतीनं खिळून जाणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिताना. दीडशे वर्षांपूर्वी बर्लिनच्या चौकाच्या कडेला कुणीतरी माझ्यासारखंच उभं होतं हे ऐकून मला विचित्र आधार वाटला.

इथे मानसोपचाराचा खर्च आरोग्य विमा देतो, पण थेरपिस्टची जागा मिळायला महिनोन् महिने जातात. मी अकरा ठिकाणी फोन केले. नऊ ठिकाणी 'यादी बंद आहे' असं उत्तर मिळालं, एका ठिकाणी आठ महिन्यांनंतरची तारीख, आणि एका बाईंनी पहिली भेट लवकर दिली. त्या म्हणाल्या, "नियमित उपचारांसाठी माझ्याकडे आत्ता जागा नाही. पण तुम्हाला अ‍ॅप लिहून देता येईल, आणि मधूनमधून आपण फोनवर बोलू."

अ‍ॅप लिहून देणं म्हणजे अक्षरशः औषधासारखं लिहून देणं. जर्मनीनं २०१९च्या डिसेंबरात त्यासाठी कायदा केला आणि २०२०च्या शरदात पहिली अ‍ॅप्स सरकारी यादीत आली. बॉनमधली जी केंद्रीय संस्था औषधांना परवानगी देते, तीच ही यादी ठेवते. अ‍ॅपनं उपयोग होतो याचा पुरावा द्यावा लागतो. तो अपुरा असेल तर तात्पुरती नोंद मिळते आणि ठरलेल्या मुदतीत अभ्यास पुरा करून दाखवावा लागतो. मी चिठ्ठी विमा कंपनीला पाठवली, दहा दिवसांनी सोळा अक्षरांचा कोड आला. तो फोनमध्ये घातला की नव्वद दिवस उपचार सुरू. मला आधी यात काही राम वाटला नाही. माणूस मिळत नाही म्हणून यंत्र गळ्यात मारतायत, असंच वाटलं. ती शंका पूर्ण चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही.

पोस्टानं एक खोकं आलं. त्यात प्लास्टिकची एक चौकट, दोन भिंगं आणि पट्टा. आपलाच फोन त्यात अडकवायचा आणि डोळ्यांवर चढवायचा. जर्मन लोक याला व्हीआर-चष्मा म्हणतात, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा, आमच्या घरी त्याचा नुसता 'चष्मा' झाला. सुरू करण्याआधी बाईंनी विचारलं की कधी फिट आली होती का, मायग्रेन आहे का, कारण अशा लोकांना हा चष्मा जपून द्यावा लागतो.

पहिले दोन आठवडे चष्म्याला हात लावायचा नव्हता. आधी पॅनिक म्हणजे काय ते शिकायचं होतं. मी इंजिनिअर आहे आणि मला हे नऊ वर्षांच्या मुलीसारखं शिकावं लागलं. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. ती लक्षणं पाहून आपण आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो, आणि चक्र फिरत राहतं. मग एक व्यायाम. खुर्चीत बसून मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायचा. मी घेतला, आणि आमच्या स्वयंपाकघरात, चहाचं आधण उकळत असताना, मारियनप्लाट्झ जसंच्या तसं समोर उभं राहिलं. त्याच मुंग्या, तोच बधिर ओठ. बोगदा नाही, गाडी नाही, फक्त श्वास. मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. चक्कर येऊन पडायला रक्तदाब उतरावा लागतो, आणि पॅनिकमध्ये तो उलट चढतो. रक्त पाहून घाबरणाऱ्यांचं वेगळं असतं, ते खरंच पडू शकतात. पण मी ज्या कोसळण्याच्या भीतीनं दीड वर्ष ट्रामनं हिंडत होते, ते घडण्याची शक्यता त्या क्षणी अगदी कमी होती.

मग चष्मा. सोफ्यावर बसले, डोळ्यांवर चढवला, आणि मी जमिनीखालच्या गाडीत होते. मान वळवली की डबा वळायचा. समोर पेपर वाचणारा माणूस, दाराशी सायकल धरलेली मुलगी. चित्र थोडं दाणेदार होतं, कडा धूसर होत्या, खाली पाहिलं तर माझे स्वतःचे पाय दिसत नव्हते. आणि त्या गाडीला वास नव्हता. ओल्या कोटांचा, ब्रेकच्या लोखंडाचा, कुणाच्या कॉफीचा, कशाचाच नाही. मी मनात म्हटलं, यानं काय होणार? तेवढ्यात दारं लागली आणि माझे तळहात भिजले. हे खोटं आहे हे डोक्याला माहीत होतं, तळहातांना माहीत नव्हतं.

यामागचं संशोधन मी नंतर वाचलं. १९९५मध्ये अटलांटात बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी उंचीला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. संगणकानं काढलेले पूल, गच्च्या आणि काचेची लिफ्ट. तेव्हाची चित्रं आजच्या मानानं अगदीच ओबडधोबड असणार. तरी माणसं घाबरत होती, आणि घाबरत होती म्हणूनच बरी होत होती. पुढे २०१८मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटानं उंचीची भीती असलेल्या १०० जणांची चाचणी केली. त्यात थेरपिस्ट नव्हताच, चष्म्यातली काल्पनिक प्रशिक्षिकाच सगळं समजावत होती, आणि एकूण दोनेक तासांच्या उपचारांनी भीती सरासरी दोन तृतीयांशांनी उतरली. त्याच गटाची २०२२मधली चाचणी मला जास्त जवळची, कारण ती बाहेर पडायलाच घाबरणाऱ्यांची होती. सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं असा मानसिक आजार असलेले ३४६ रुग्ण, आणि दृश्यं कॅफे, दुकान, बस, दवाखान्याची खोली अशी साधीसुधी. सरासरी फायदा बेताचा होता, पण ज्यांचं घराबाहेर पडणं सगळ्यात जास्त अडलेलं, त्यांना तो सगळ्यात जास्त झाला. हे मी दोनदा वाचलं.

माझ्या मते चष्म्याची खरी ताकद चित्रात नाही, पुन्हा पुन्हा करता येण्यात आहे. खऱ्या गाडीत दार बंद होण्याचा क्षण एका स्टेशनाला एकदाच येतो. चष्म्यात तो एका संध्याकाळी पंधरा वेळा आणता येतो. प्रत्येक वेळी आधी लिहायचं, आता काय होईल असं वाटतं आणि किती टक्के. मी लिहायची: 'श्वास अडकेल, ८०.' 'ओरडेन, ५०.' मग दारं लागायची. मग लिहायचं, काय झालं. 'घाम आला. ओरडले नाही.' भीती ० ते १०० मध्ये मोजायची. पहिल्या दिवशी ७०, दहाव्या दिवशी ४५, आणि अकराव्या दिवशी, माहीत नाही का, पुन्हा ६५. बाई फोनवर म्हणाल्या, "आकडा उतरला पाहिजे असं नाही. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं ना? ओरडलात का?" नाही. "मग आज तुम्ही शिकलात."

तिसऱ्या आठवड्यात मी सोडून देणार होते. चष्मा काढल्यावर मळमळायचं. डोळे सांगतात गाडी चालली आहे आणि कानातला तोल सांगतो तू सोफ्यावर आहेस, त्या भांडणातून ही मळमळ येते. पण मला ती पॅनिकची सुरुवातच वाटायची. चार दिवस खोकं उघडलं नाही. अ‍ॅप रोज एक प्रेमळ सूचना पाठवायचं आणि मी ती पुसायची. पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला, म्हणून मी परत सुरू केलं. सूचनेला नाही म्हणणं फार सोपं असतं. माझी वाट पाहणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला जमलं नाही. अ‍ॅपनं उपचार होतात का, असं कुणी मला विचारलं तर मी हा फोन सांगते.

त्याच फोनमध्ये त्यांनी विचारलं, "भीती वाटली की तुम्ही काय काय करता, ते सगळं सांगा." मी यादी दिली. पाण्याची बाटली धरते. दाराशी उभी राहते. आईला फोन लावते आणि उतरेपर्यंत बोलत राहते. आणि रामरक्षा म्हणते. रामरक्षा म्हणजे काय ते मी त्यांना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये समजावलं, की लहानपणी आजी रोज दिवेलागणीला म्हणायची, की त्यात शरीराच्या एकेका अवयवाचं रक्षण मागितलेलं आहे, डोक्यापासून पायापर्यंत. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ही प्रार्थना तुमच्याकडून काढून घ्यायचा मला अधिकार नाही. एकच विचारते. गाडीत म्हणता तेव्हा ती देवासाठी म्हणता, की मुंग्या थांबाव्यात म्हणून?"

मला उत्तर माहीत होतं. गाडीत मी 'शिरो मे राघवः पातु' म्हणताना रामाचा विचार करत नव्हते, पुढचा थांबा किती दूर आहे याचा करत होते. एखादी ओळ चुकली तर काहीतरी होईल या धाकानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. बाटली, दार, फोन, रामरक्षा, या सगळ्यांनी मी जिवंत राहिले असं माझं मन समजत होतं, आणि म्हणून त्यांच्याशिवायही राहिले असते हे त्याला कधी कळतच नव्हतं. आम्ही ठरवलं की रामरक्षा घरी, संध्याकाळी, दिवा लावून. गाडीत नाही. त्या संध्याकाळी मी कित्येक वर्षांनी ती बसून, सावकाश, पूर्ण म्हटली. नवरा आतल्या खोलीतून येऊन शेजारी बसला.

खरी गाडी सहाव्या आठवड्यात. हाउप्टबानहोफ ते कार्ल्सप्लाट्झ, एक स्टेशन, सकाळी अकरा वाजता, बाटलीशिवाय, डब्याच्या मध्यभागी. कागदावर लिहिलं: 'पडेन, ६०.' पडले नाही. कार्ल्सप्लाट्झला उतरले आणि पलीकडच्या गाडीनं परत आले, आणि परत गेले, चार वेळा. चौथ्या वेळी मला कंटाळा आला. तो कंटाळा मला हिऱ्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गर्दीत मारियनप्लाट्झला जायचं ठरवलं आणि हाउप्टबानहोफलाच उतरून पळाले. जिन्यावर बसून रडले. ते चष्म्यात कुणी रचलेलं नव्हतं. मागून पाठीला टेकणारी माणसं, गरम हवा, वास. त्या रात्री मी परत सोफ्यावर बसून चष्म्यातली दारं बारा वेळा लावली. खरी गाडी खोट्या गाडीपेक्षा कठीण आहे हे ठाऊक असूनही, मला तिथून पुन्हा सुरुवात करता आली. दोन पायऱ्यांच्या मधोमध कुणीतरी एक विटेची पायरी ठेवावी तसं. २०१९मध्ये ३० चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की चष्म्यातला सराव आणि प्रत्यक्षातला सराव यांच्या परिणामात ठळक फरक दिसत नाही. असेल. मला मात्र एकानं दुसऱ्यापर्यंत नेलं, एकावर भागलं नसतं.

मग इझारटोर, मग रोझेनहाइमर प्लाट्झ. अकराव्या आठवड्यात पाझिंग ते ओस्टबानहोफ, सकाळी ८.१०ला, पूर्ण. भीती ५५. पोचले.

नव्वद दिवस संपले आणि अ‍ॅप बंद झालं. बाईंकडे पुढे जागा मिळाली, महिन्यातून एकदा जाते. लिफ्ट परत आली, रांग परत आली. विमानतळावर जायचं असलं की अजून आदली रात्र वाईट जाते. अमेरिकेत व्यसनमुक्तीच्या अ‍ॅपला २०१७मध्ये सरकारी मान्यता मिळवणारी कंपनी २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली, हे वाचून मात्र पोटात गोळा आला. चालू उपचार असे मधेच बंद पडले तर त्या लोकांनी काय करायचं? आणि दुसरं मनात येतं ते आपल्याकडचं. भारताच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की बहुतेक विकारांत दहातल्या सात किंवा त्याहून जास्त माणसांना उपचारच मिळत नाहीत. फोन तर त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात आहे. २०२२पासून १४४१६ हा टेली-मानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा, नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. असं काही मराठीत व्हावं, त्यात डोंबिवलीचा प्लॅटफॉर्म असावा, एसटीचा घाट असावा, लग्नाच्या हॉलमधली गर्दी असावी, आणि 'जीव घाबरा होतो' हे शब्द समजावून न सांगता समजावेत, असं मला फार वाटतं. आणि तिसऱ्या आठवड्यात फोन करणारं माणूस असावंच.

मागच्या गुरुवारी इझारटोर सोडलं आणि गाडी बोगद्यात थांबली. दिवे चालू होते, कुणी काही बोललं नाही. छातीत धडधड सुरू झाली, बोटांत मुंग्या आल्या. मी पाहत राहिले. तेवढ्यात आईचा फोन वाजला. तिला इतके महिने सवय झाली होती, या वेळेला माझा फोन येतो म्हणून, आणि आता येत नाही म्हणून तीच लावते. मी उचलला.

"आई, गाडीत आहे गं. घरी गेल्यावर करते."

"बरं," ती म्हणाली, "जेवून घे मग," आणि ठेवला.